खाऱ्या पाण्यातली यंत्रं आणि त्यांचं बिघडणं

गोड्या पाण्याच्या टँकमधला हवेचा पंप रात्री बंद पडला, तर गप्पी, मॉली, गोल्डफिश पृष्ठभागाशी तोंड आणून का होईना, बहुतेक वेळा सकाळ गाठतात. खाऱ्या पाण्यात ही सवलत फार थोडी आहे. २५ अंश सेल्सिअसला, समुद्रसपाटीवर, एक लिटर गोड्या पाण्यात साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेवढ्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात पावणेसात. पाणी ३० अंशांवर गेलं की सव्वासहा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे, त्यामुळे हवेचा दाब सहा-सात टक्के कमी आणि त्याच प्रमाणात हे आकडेही आणखी खाली. म्हणजे पाणी फिरवणारी मोटर थांबली की नाशिकच्या मरीन टँकमधल्या माशांकडे मुंबईतल्या माशांपेक्षाही थोडा कमी वेळ असतो.

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या समोर समुद्र आहे. नाशिकच्या इंदिरानगरातल्या किंवा गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये समुद्र पिशवीतून येतो: समुद्राचं सुकं मीठ आणून आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम विरघळवायचं. डहाणूचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी १०० किलोमीटरच्या पलीकडे. काही बिघडलं की बादलीभर ताजं समुद्राचं पाणी आणून वेळ मारून नेता येत नाही. सुटे भागही बहुधा मुंबईहून किंवा कुरिअरने यायचे, आणि कुरिअर रविवारी येत नाही. मोटर मात्र रविवारीही बिघडते.

म्हणून इथे यंत्र निवडताना माझा पहिला प्रश्न ‘किती टिकेल?’ हा नसतो. मीठ, पाणी, वीज आणि उष्णता एकत्र आली की प्रत्येक यंत्र कधी ना कधी बिघडतंच. खरा प्रश्न असा, की बिघडलं तर ते चालू स्थितीत अडकेल की बंद, आणि त्या स्थितीत पुढच्या आठ तासांत काय होईल. हा प्रश्न एकेका यंत्राला लावून पाहू. हिशेबासाठी १०० लिटरचा टँक धरू.

सगळ्यात आधी हीटर, कारण सर्वाधिक घात तोच करतो. नाशिकला हीटर कशाला, असं मुंबईकर विचारतो. ज्या जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत निफाडचा घसरलेला पारा रोज पेपरात छापून येतो, तिथे तो लागतो. टँकचं पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचं आणि पहाटे खोली १६-१७ वर, एवढा फरक हीटरलाच भरून काढावा लागतो.

साध्या हीटरमध्ये काचेच्या नळीत तापणारी तार आणि तिच्या वर दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. तापल्यावर दोन्ही धातू कमी-जास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि विजेचा संपर्क तुटतो. थंड झाली की पुन्हा जुळतो. प्रत्येक जुळण्या-तुटण्याच्या वेळी त्या टोकांवर बारीक ठिणगी पडते. हजारो ठिणग्यांनंतर टोकं खडबडीत होतात आणि एखाद्या रात्री वितळून एकमेकांना चिकटतात. आता पट्टी कितीही वाकू पाहिली तरी हीटर बंद होत नाही. स्वस्त हीटरमध्ये ही टोकं लहान आणि धातू हलका, त्यामुळे हे लवकर घडतं, महागड्यात उशिरा. पण घडतं दोन्हींत.

आता गणित. १०० लिटर खारं पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४ लाख १० हजार ज्यूल ऊर्जा लागते. ३०० वॅटचा हीटर चालू अडकला, तर बाहेर जाणारी उष्णता न धरता दर २३ मिनिटांना एक अंश. रात्री अकराला २५ अंशांवर असलेलं पाणी दोन-अडीचच्या सुमारास ३३ ला पोहोचतं आणि घरात कुणी जागं नसतं. त्याऐवजी ५० वॅटचा हीटर अडकला, तर एका अंशाला सव्वादोन तास लागतात. तोवर टँक काचेतून आणि पृष्ठभागावरून जवळपास तेवढीच उष्णता गमावत असतो, त्यामुळे पाणी थोडं चढून थांबतं. म्हणून ३०० चा एक नको, ५० चे दोन घ्या. एक चालू अडकला तरी शिजवू शकत नाही, आणि एक बंद पडला तरी दुसरा पाण्याला अगदी गारठू देत नाही. ‘मोठा घ्या, लवकर तापतं’ हा दुकानातला सल्ला गिझरला ठीक आहे.

यावर आणखी एक कुलूप हवं. बाहेरचा तापमान-कंट्रोलर, एसटीसी-१००० नावाने मिळतो तो स्वस्तातला प्रकारही चालेल, २५.५ वर लावायचा. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट २७ वर. नेहमीचं काम कंट्रोलर करतो. त्याचा रिले चिकटला तर हीटर स्वतः २७ ला थांबतो. दोन्ही एकाच रात्री चिकटायची शक्यता फार कमी. कंट्रोलरची एक खोड मात्र लक्षात ठेवा: त्याची सेन्सरची वायर पाण्याबाहेर निसटली, तर तो खोलीची थंड हवा मोजतो आणि हीटर चालूच ठेवतो. सक्शन कप मिठाने कडक होऊन सुटतात, म्हणून ती वायर प्लॅस्टिकच्या क्लिपने काचेच्या कडेला अडकवा.

हीटरचा दोष हा फक्त स्वस्त मालाचा किंवा आपल्याकडचा प्रकार नाही. २०११ साली अमेरिकेत युनायटेड पेट ग्रुप या कंपनीला मरीनलँड नावाने विकले जाणारे ‘स्टेल्थ’ मालिकेतले सुमारे १२ लाख हीटर परत मागवावे लागले, कारण ते जास्त तापून फुटत होते. नाव मोठं असलं की माल तपासायची गरज नाही, हा समज त्या वेळी बऱ्याच लोकांचा गेला असेल.

अमेरिकेचं नाव निघालं म्हणून सांगतो. नाशिकच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी तिकडे असतं, आणि सुट्टीला येताना ‘तिकडचं चांगलं’ म्हणून बॅगेत हीटर किंवा मोटर टाकून आणतं. तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. १२० व्होल्टचा १०० वॅटचा हीटर आपल्या २३० व्होल्टवर लावला, तर तो साडेतीन पटींहून अधिक, म्हणजे ३६० वॅटच्या वर उष्णता देऊ पाहतो. नळी तडकते किंवा तार जळते. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट कमी करता येतात, हर्ट्झ बदलत नाहीत. तिकडे मिनिटाला ३६०० फेरे घेणारी साधी मोटर इथे ३००० च घेते आणि पाणी बरंच कमी फेकते. ज्याच्या अ‍ॅडॉप्टरवर ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ छापलेलं आहे, ती डीसी मोटर खुशाल मागवा. बाकीचं सामान बॅगेत भरू नका, असं भाच्याला आधीच सांगा.

आता मोटरकडे वळू. टँकमधल्या साध्या एसी मोटरला सील नसतं, ब्रशही नसतात. वेटोळं रेझिनमध्ये पूर्ण बुजवलेलं. त्याच्या पोकळीत चुंबकाचा रोटर पाण्यातच फिरतो, मधे सिरॅमिकची बारीक दांडी. झिजायला फारसं काही नाही, म्हणून ही मोटर वर्षानुवर्षं चालते आणि आपण तिच्याकडे बघत नाही. तिथेच ती दगा देते. खाऱ्या पाण्यातला चुना रोटरवर आणि दांडीवर थर धरतो. फिरत असलेला रोटर त्या थरासकट फिरत राहतो. वीज जाऊन परत आली की मात्र त्याला थांबलेल्या अवस्थेतून सुरुवात करायची असते, आणि अशा मोटरचा सुरुवातीचा जोर अगदी बेताचा असतो. ती नुसती गुणगुणते, थरथरते, फिरत नाही. ‘लाइट येऊन-जाऊन मोटर जळली’ म्हणून टाकून दिलेल्या कितीतरी मोटरी जळलेल्या नसतात. रोटर काढून व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा, धुऊन बसवा. बहुतेक चालू होतात. दर दोन-तीन महिन्यांनी हे केलं, आणि दर महिन्याला मुद्दाम प्लग काढून पुन्हा लावून पाहिला, तर दगा द्यायची तिला फारशी संधी मिळत नाही.

रोटर हातात असताना त्याच्या चुंबकावरचं प्लॅस्टिकचं वेष्टण नीट पाहा. तडा असेल आणि आत तांबूस रंग दिसत असेल, तर चुंबक गंजून फुगतोय. असा रोटर पुढे अडकतो आणि तोवर पाण्यात धातू सोडत राहतो. तो बदला, साफ करून पुन्हा बसवू नका.

डीसी मोटरी शांत, कमी विजेवर चालणाऱ्या, वेग कमी-जास्त करता येणाऱ्या. त्यांचा पाण्यातला भाग सहसा चांगला असतो. मरतो तो बाहेरचा कंट्रोलर किंवा अ‍ॅडॉप्टर. लोक हा कंट्रोलर टँकखालच्या कपाटात सम्पच्या (खालच्या जादा टाकीच्या) शेजारी ठेवतात, म्हणजे खारट दमट हवेच्या डब्यात. तो कपाटाबाहेर, पाण्याच्या पातळीपेक्षा वर बसवला तर त्याचं आयुष्य वाढतं. घेताना विक्रेत्याला विचारा: कंट्रोलर सुटा मिळतो का? नाही म्हणाला, तर ती मोटर एकदाच वापरायची आहे असं धरून किंमत ठरवा.

डब्यावरच्या आकड्यांविषयी थोडं. ‘ताशी ३००० लिटर’ हा आकडा पाणी मुळीच वर चढवायचं नसताना मिळणारा. सम्पमधून सव्वा मीटर वर, दोन वळणं घेऊन टँकमध्ये पोहोचेपर्यंत तो निम्म्यावर येऊ शकतो. दुकानदाराशी वाद घालण्यापेक्षा पाइपचं तोंड दहा लिटरच्या बादलीत धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. दहा लिटरला २४ सेकंद लागले, तर ताशी १५०० लिटर. पहिल्या दिवशीचा हा आकडा टँकच्या मागे लिहून ठेवा. सहा महिन्यांनी २४ चे ३५ सेकंद झाले, की सफाईची वेळ झाली.

वीज जाते तेव्हा मोटर बंद पडण्याखेरीज आणखी एक गोष्ट होते, आणि ती नवख्यांच्या घरात पाणी करते. वर पाणी नेणाऱ्या पाइपचं तोंड टँकच्या पृष्ठभागाखाली असेल, तर मोटर थांबल्याबरोबर तोच पाइप उलटा ओढू लागतो. ६० सेंटीमीटर लांब आणि ४५ रुंद टँकमध्ये तोंड ५ सेंटीमीटर खाली असेल, तर साडेतेरा लिटर पाणी सम्पमध्ये उतरतं. सम्पमध्ये तेवढी जागा नसेल, तर ते फरशीवर. यासाठी चेक व्हॉल्व्ह विकतात. त्याच्या पडद्यावर चुना किंवा एखादी गोगलगाय बसली की तो पूर्ण मिटत नाही, आणि हे कळतं ते पाणी सांडल्यावर. पाइपचं तोंड पृष्ठभागापासून सेंटीमीटरभरच खाली ठेवणं आणि सम्पमध्ये रिकामी जागा राखणं हा उपाय कधीच बिघडत नाही, कारण त्यात हलणारा भाग नाही.

वीजपुरवठ्याच्या बाबतीत आपण परदेशातल्या शौकिनांपेक्षा एका अर्थाने पुढे आहोत: महावितरणच्या कृपेने इन्व्हर्टर घराघरांत आहे. १५० अँपिअर-अवरच्या १२ व्होल्ट बॅटरीतून कागदावर १८०० वॅट-तास मिळतात. निम्मेच धरले तरी ४० वॅटची मोटर वीसेक तास चालेल, दिवे-पंखे त्यावर नसतील तर. मात्र इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. जुन्या स्क्वेअर वेव्हवर एसी मोटर घरघरते आणि तापते. हीटर आणि चिलर इन्व्हर्टरवर घेऊ नका, ते बॅटरी पिऊन टाकतात. काही तास पाणी थोडं थंड झालं तर मासे सोसतात. प्राणवायू संपलेला सोसत नाहीत.

आता एप्रिल-मे. नाशिकचा पारा चाळिशी गाठतो आणि टँकही ३० च्या पुढे सरकतो. इथे नाशिककरांना एक फायदा आहे, जो मुंबईकरांना नाही: कोरडी हवा. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरकं वारं घालणारा लहानसा पंखा बाष्पीभवनाने थंडावा देतो. एक लिटर पाणी उडताना जेवढी उष्णता लागते, ती सगळी टँकमधूनच घेतली गेली, तर १०० लिटर पाणी जवळपास सहा अंशांनी उतरतं. प्रत्यक्षात हवाही थोडी उष्णता पुरवते, पण वैशाखातल्या कोरड्या दुपारी पंख्याने दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. मुंबईच्या दमट हवेत तोच पंखा फार काही करत नाही. म्हणून चिलर घ्यायचाच, हा मुंबईच्या दुकानातला सल्ला नाशिकच्या लहान टँकला लागू करण्याआधी एक उन्हाळा पंख्यावर काढून पाहा. पंखा बंद पडला तरी नुकसान हळूहळू होतं. शिवाय तो मेन रोडवर कुठेही मिळतो.

चिलर घ्यावाच लागला, तर त्याच्या आतली पाण्याला लागणारी नळी टायटॅनियमची आहे याची लेखी खात्री घ्या. एसी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडून जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर घरगुती चिलर बनवून घेणारे असतात. कौशल्याचं कौतुक आहे, पण त्यात तांब्याची नळी असते. खाऱ्या पाण्यात तांबं विरघळतं, आणि कोळंबी, गोगलगाय, तारामासा यांना ते अत्यल्प प्रमाणातही मारतं. हा बिघाड चालू-बंदचा नाही. यंत्र उत्तम चालतं आणि टँक मरतो.

पंख्यामुळे पाणी उडतं, मीठ मागे राहतं. १०० लिटरमधून रोज ३ लिटर उडालं, तर ३५ ची क्षारता एका दिवसात ३६ च्या वर जाते. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी आपोआप भरणारा ‘टॉप-अप’ लावतात: तरंगता स्विच किंवा सेन्सर पातळी घटल्याचं ओळखतो आणि छोटी मोटर सुरू होते. माझ्या मते हीटरनंतर सर्वांत धोकादायक वस्तू हीच. तरंगणारा गोळा खार चढून किंवा गोगलगायीने अडकवून खालीच राहिला, तर मोटर थांबत नाही. शेजारी २० लिटरचा जार असेल, तर तो सगळा टँकमध्ये जातो आणि क्षारता ३५ वरून २९ वर येते. जार ५ लिटरचा असेल, तर ३३ वर थांबते. मासे हा फरक सोसून जातात. जर्मनीच्या टुन्झे कंपनीच्या ऑस्मोलेटरमध्ये प्रकाशावर चालणारा एक सेन्सर आणि त्याच्या वर सुरक्षेसाठी वेगळा तरंगता स्विच असतो, शिवाय मोटर दहा मिनिटांपेक्षा जास्त चालली तर यंत्र स्वतःच थांबतं. किंमत ऐकून आपण पाठ फिरवतो. पण त्यातली कल्पना फुकट घेता येते: स्वस्त यंत्र घ्या, दोन तरंगते स्विच एकामागोमाग जोडा आणि जार लहान ठेवा.

क्षारता मोजायची कशाने, याचं उत्तर नाशिकला नवं नाही. निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार मण्याच्या रसाचा थेंब ज्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवून ब्रिक्स, म्हणजे साखर, वाचतो, त्याचंच भावंड मरीन टँकवाला वापरतो. विरघळलेल्या पदार्थामुळे प्रकाश किती वाकतो, हे दोघंही पाहतात. साखर आणि मीठ प्रकाश वेगवेगळा वाकवतात, म्हणून पट्टी वेगळी. इथे एक लपलेला दोष आहे. बाजारातले अनेक स्वस्त ‘सॅलिनिटी’ रिफ्रॅक्टोमीटर समुद्राच्या पाण्यासाठी नसून नुसत्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम वगैरेही असल्याने ३५ क्षारतेचं खरं पाणी अशा यंत्रावर ३६.५ दाखवतं. आपण पाणी घालून ३५ वर आणतो, आणि प्रत्यक्षात ते ३३.५ च्या आसपास असतं. यंत्र बिघडलेलं नसतं, ते दुसऱ्याच कामाचं असतं.

यंत्रासोबतची पुस्तिका सांगते, शुद्ध पाण्याने शून्यावर लावा. शून्य जुळलं म्हणून ३५ जुळेलच असं नाही. तपासायचं तिथेच, जिथे वाचायचं आहे. चांगलं कोरडं साधं मीठ ३६.५ ग्रॅम आणि शुद्ध पाणी ९६३.५ ग्रॅम, दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलून, नीट विरघळवा. हे द्रावण ३५ क्षारतेच्या समुद्राच्या पाण्याइतकाच प्रकाश वाकवतं. थेंब ठेवा, अर्धा मिनिट थांबा आणि स्क्रू फिरवून रेषा ३५ वर आणा. घट्ट झाकणाच्या बाटलीत ते महिनोन् महिने टिकतं. एक-दोन रुपयांचं मीठ हजार-दीड हजारांच्या यंत्राची परीक्षा घेतं.

पाण्याचं शुद्धीकरण हाही आपल्याकडे फसण्याचा प्रकार आहे. मीठ कालवायला स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी घेतात. त्या मशीनचा हेतू पाणी गोड लागावं हा असतो. म्हणून पडद्यानंतर ‘टीडीएस कंट्रोलर’ नावाचा छोटा व्हॉल्व्ह थोडं मूळ पाणी परत मिसळतो, किंवा मिनरलची नळकांडी क्षार घालते. हल्ली तर ‘कॉपर’वाली मशीनही जोरात खपतात, तांब्याचं काय होतं ते वर आलंच आहे. सर्व्हिसवाल्याला सांगून पडद्याच्या लगेच पुढे, या सगळ्याच्या आधी, टी बसवून वेगळी नळी काढून घ्या आणि तिच्यापुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचं एक नळकांडं लावा. शेवटी टीडीएस मीटर शून्य दाखवायला हवा. तो वाढू लागला की रेझिन संपलं. बोअरवेलचं कठीण पाणी असलेल्या सोसायट्यांत हे लवकर होतं.

स्किमरबद्दल थोडक्यात. बारीक बुडबुड्यांना चिकटून सेंद्रिय घाण फेसाबरोबर वर येते आणि कपात साठते. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात म्हणूनच ते जमतं. नवा स्किमर पहिले काही दिवस फेस नीट धरत नाही, तो दोष नव्हे. जुना अचानक मंदावला तर त्याच्या हवेच्या नळीत खार साचलेला असतो. कोमट पाणी ओढवलं की सुटतो. दिव्यांवर मी शब्दही खर्च केला नसता. केवळ माशांच्या टँकला साधा एलईडी पुरतो. महागडे निळे दिवे प्रवाळांसाठी असतात, आणि कठीण सांगाड्याची सगळी प्रवाळं आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा दगडही बहुधा प्रवाळाचा सांगाडाच असतो. कुणी दुकानदार ‘चालतं हो’ म्हणाला, तरी नको म्हणा. सच्छिद्र सिरॅमिक वापरा, आणि मासे पैदास केलेले मागा. क्लाउनफिशची बंदिस्त पैदास करण्याचं तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केव्हाच विकसित केलं आहे.

आता मीठ यंत्रांना बाहेरून कसं खातं ते. ‘आयपीएक्स ८’ असा शिक्का असला की वस्तू पाण्यात कायम बुडवता येते, असं आपण समजतो. ही चाचणी साध्या पाण्यात होते. मिठाने काय होईल याबद्दल तो शिक्का काही सांगत नाही. ‘स्टेनलेस आहे, गंजणार नाही’ हेही तसंच. स्टीलवरचा क्रोमियमचा अदृश्य थर क्लोराइड जागोजागी फोडतं आणि बारीक खड्डे पडतात. भांड्यांचं ३०४ स्टील लवकर जातं, ३१६ थोडं थांबतं. पाण्यात प्लॅस्टिक, सिरॅमिक किंवा टायटॅनियम, एवढंच ठेवा. पाइपच्या क्लिपासुद्धा प्लॅस्टिकच्या.

बुडबुडे फुटताना उडणारे तुषार सुकून वायरींवरून खार सरपटत जातो आणि एक्स्टेंशन बोर्डात शिरतो. समुद्राचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा साधारण शंभरपट वीजवाहक असतं. बोर्ड भिंतीवर उंच लावा, आणि प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळ झोळातून खाली टपकतो. एमसीबी वायर वाचवते, माणूस वाचवत नाही. त्यासाठी गळणारी वीज ओळखून पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. एबीबी, सीमेन्स, क्रॉम्प्टन ग्रीव्हज यांचे विजेच्या उपकरणांचे कारखाने ज्या सातपूर-अंबडच्या पट्ट्यात उभे राहिले, त्या शहरात टँक आरसीसीबीशिवाय चालावा हे काही बरं नाही. फक्त सगळी यंत्रं एकाच आरसीसीबीवर टाकू नका. हीटरमधून वीज गळू लागली आणि रात्री आरसीसीबी पडला, तर मोटरही थांबेल. हीटर एकावर, पाणी फिरवणारी मोटर दुसऱ्यावर.

खरेदीच्या वेळी एवढं कळून असावं, की चीनच्या ग्वांगडोंग आणि झेजियांग प्रांतांतल्या कारखान्यांतून निघालेली एकच मोटर चार वेगळ्या नावांनी विकली जाते. चार किमतींत फरक बहुधा डब्याचा आणि मागे उभ्या राहणाऱ्या माणसाचा असतो. त्या माणसाचे पैसे द्यायला हरकत नाही. आयात वस्तूच्या वेष्टणावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी असणं २०११ च्या वेष्टित वस्तू नियमांनुसार बंधनकारक आहे. हे छापलेलं नसेल, तर वॉरंटी मागायची कुणाकडे, हा प्रश्नच राहतो. डबा उघडताना व्हिडिओ काढा, पक्कं बिल घ्या. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही.

आणि मासे शेवटी आणा. नव्या टँकमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतातच. तेवढा काळ सगळी यंत्रं खाऱ्या पाण्यात, रात्रंदिवस चालू ठेवा. कारखान्यातूनच दोष घेऊन आलेली यंत्रं बहुधा याच काळात उघडी पडतात. पण ऑनलाइन विक्रेत्यांची परत घ्यायची मुदत अनेकदा सात-दहा दिवसांची असते, म्हणून पहिल्याच आठवड्यात मेन स्विच तासभर बंद करून पुन्हा लावा, सेन्सर मुद्दाम पाण्याबाहेर काढून बघा, टॉप-अपचा गोळा बोटाने खाली धरून ठेवा. काय चालू अडकतं आणि काय बंद, ते तेव्हाच लिहून ठेवा. या परीक्षेत जे नापास होईल ते मुदतीत परत करा, आणि उरलेल्या पैशांतून एक मोटर आणि एक हीटर जादा घेऊन कपाटात ठेवा.